बी. डी. डी. चाळीतील बाई : घर, स्वयंपाक आणि वर्गाची भिंत

वरळीच्या जांबोरी मैदानाभोवतीच्या बी. डी. डी. चाळी हा मुंबईच्या कामगारवस्तीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय होय. १९२० मध्ये, गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, मुंबई सरकारने शहराच्या विकासासाठी एक स्वतंत्र खाते स्थापन केले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या त्याच्या नावाची आद्याक्षरे चाळींना चिकटली ती कायमचीच. मूळ संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा व्हरांडा, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट, आणि स्वच्छतागृहे सामाईक, अशी ही रचना. एका इमारतीत ऐंशी बिऱ्हाडे. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतील काही चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणूनही केला होता. ज्या खोल्यांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले, त्या राजबंद्यांना कोठडी म्हणून चालल्या, ही गोष्ट खोल्यांच्या आकाराविषयी पुरेसे सांगून जाते.

या चाळी बांधल्या जात होत्या त्याच सुमारास, म्हणजे १९२५ मध्ये, मुंबई महानगरपालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ एफ आणि जी या दोन विभागांतून केला. वरळी जी विभागात मोडते. कामगाराचे घर आणि कामगाराच्या मुलाची शाळा या दोन्ही गोष्टी या परिसरात जवळपास एकाच वेळी आल्या. त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे शाळामास्तर, आणि पुढे शाळेतील बाई. चाळींविषयी, गिरण्यांविषयी, १९८२ च्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या दुव्याविषयी फार थोडे. प्रस्तुत लेखात अशाच एका शिक्षिकेच्या दिनक्रमाचा अभ्यास मांडला आहे. त्या पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवतात. स्वतःचे वा शाळेचे नाव छापू नये, अशी त्यांची इच्छा असल्याने येथे त्यांचा उल्लेख केवळ 'बाई' असा केला आहे. वर्गातील मुलेही त्यांना त्याच नावाने ओळखतात.

खोलीची घडी

बाईंच्या बिऱ्हाडात पाच माणसे आहेत. सासूबाई, पती, महाविद्यालयात जाणारी मुलगी, नववीतील मुलगा आणि त्या स्वतः. दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशा खोलीत एक मोरी, ओटा, भांड्यांची मांडणी, एक खाट आणि वर पोटमाळा. खाटेखाली दोन पत्र्याच्या ट्रंका आहेत. एकीत लग्नातील साड्या आणि महत्त्वाची कागदपत्रे, दुसरीत 'शाळा'. ही दुसरी ट्रंक उघडून दाखविण्याची विनंती केली तेव्हा आतून निघालेल्या वस्तू अशा : चिंचोके, पिस्त्यांची टरफले, लग्नपत्रिकांचे कोरे भाग, आगपेट्यांची खोकी, बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, सुतळी, रंगीत चिंध्यांचे गाठोडे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जुने अधेलीचे लोखंडी माप.

पहाटे पाणी येते तेव्हा दिवस सुरू होतो. पाणी भरण्याचे काम पतीकडे. ते बेस्टमध्ये वाहक आहेत आणि पाळी सकाळची असली तर पाणी मुलगा भरतो. बाई भाकरी थापतात तेव्हा सासूबाई भाजी निवडतात. साडेसहाला डबे भरून होतात. सकाळच्या अधिवेशनाची शाळा असल्याने बाईंना सातच्या आत निघावे लागते. दुपारी परतल्यावर वह्या तपासणे. खोलीत टेबल नाही. मुलगा अभ्यासाला बसला की ओट्यावरची जागा बाईंची आणि खाट मुलीची. रात्री जेवणे झाल्यावर उद्याच्या पाठाचे साहित्य व्हरांड्यात बसून तयार होते, कारण तेवढा मोठा कागद पसरायला खोलीत जमीनच उरत नाही.

व्हरांड्याचे हे महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. वीस खोल्यांचा तो एक सामाईक दिवाणखाना होय. बाई कागद पसरून बसल्या की समोरच्या खोलीतील काकी कात्री घेऊन येतात, पलीकडच्या पोलिस कुटुंबातील वहिनी खळ शिजवून आणतात, आणि चार पोरे विचारल्याशिवाय मदतीला लागतात. शिक्षण खात्याच्या परिभाषेत ज्याला समाजाचा सहभाग म्हणतात, तो येथे कोणत्याही परिपत्रकाविना घडत आलेला आहे.

मास्तरांच्या घराचा असा आतून लिहिलेला वृत्तान्त मराठीत मुळातच दुर्मीळ. त्यास एक ठळक अपवाद आहे. कवी नारायण सुर्वे हे याच गिरणगावात वाढले, मुंबई पालिकेच्या शाळेत आधी शिपाई झाले आणि नंतर शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा संग्रह १९६२ चा. त्या काव्यामागे जो संसार चालला होता तो त्यांच्या पत्नी कृष्णाबाई सुर्वे यांनी 'मास्तरांची सावली' या आत्मकथनात सांगितला आहे. शिक्षकाचा पगार, मुले आणि चूल यांचा मेळ कोणी घातला हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी ते पुस्तक अवश्य वाचावे. शिक्षिकेच्या घरात मास्तर आणि सावली या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीला कराव्या लागतात, एवढाच फरक.

चुलीवरचे गणित

बाईंच्या सासूबाई मूळच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू होईपर्यंत त्या याच खोलीत खाणावळ चालवीत. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या अशा हजारो स्त्रिया गिरणगावात होत्या. त्यांच्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि सावकाराऐवजी बँकेचे दार त्यांना दाखविले. संप लांबला, जेवणारे गावी गेले, आणि कित्येकींप्रमाणे या सासूबाईंचीही खाणावळ बंद पडली. राहिले ते मोठे पातेले आणि तोंडी हिशेबाची सवय.

ही सवय वर्गात कशी पोहोचली, ही या अभ्यासातील सर्वांत रंजक बाब म्हणावी लागेल. चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकविताना बाईंच्या ध्यानात आले की, मुलांना एक छेद दोन हे लिहिता येते, परंतु 'दीड पाव' म्हटले तर कळत नाही. 'अडीच' ठाऊक आहे, पण 'सव्वा' आणि 'पाऊण' यांत घोटाळा होतो. वास्तविक मराठी भाषेने अपूर्णांकांसाठी जेवढे सुटसुटीत शब्द दिले आहेत तेवढे थोड्याच भाषांनी दिले असतील. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी तोंडपाठ करून घेत. दशमान पद्धती आली, ते पाढे गेले. ते गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण त्यांत पाठांतराचा जाच पुष्कळ होता. मात्र शब्दांमागचे माप मुलांच्या हातून निसटले, हे खरे. ते माप स्वयंपाकघरात अजून शाबूत आहे.

बाईंनी एका शनिवारी सासूबाईंना वर्गात नेले. थालीपिठाच्या भाजणीचा पाठ होता. ज्वारी एक वाटी, बाजरी एक वाटी, तांदूळ अर्धी, हरभऱ्याची डाळ अर्धी, उडीद पाव, धने पाव. मुलांनी आपापल्या घरून मूठमूठ धान्य आणले होते. सारे मिळून किती वाट्या, हा पहिला प्रश्न. साडेतीन, असे उत्तर एका मुलीने बोटांवर मोजून काढले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे औट. चार घरांची भाजणी करायची तर औट चोक चौदा." मुलांना तो शब्द गमतीचा वाटला आणि दिवसभर वर्गात औट चोक चौदा घुमत राहिले. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी मुलांनाच घालायला लावला : उडीद संपले असतील तर? कोणी म्हणाले, मूग घाला. कोणी म्हणाले, डाळ पाऊण करा. अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतात हे फळ्यावर लिहिण्याआधीच सांगून झाले होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वर्गात धान्य आणण्यास सांगताना बाई 'मूठभर' एवढेच सांगतात आणि कोणी काय आणले हे पाहत नाहीत. साऱ्यांचे धान्य दाराशी ठेवलेल्या सहा डब्यांत वर्गवारीने पडते. ज्याच्या घरी त्या दिवशी मूठभरही नव्हते तो रिकाम्या हाताने डब्याजवळून गेला तरी कोणास कळत नाही. शालेय पोषण आहाराची खिचडी ज्या मुलांचे दिवसातील पहिले पोटभर अन्न असते, अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. स्वयंपाकाचा पाठ घेण्यापूर्वी हा विचार न करणाऱ्या शिक्षकाने तो पाठ घेऊच नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

सजविलेला वर्ग कोणासाठी?

वर्गसजावटीच्या बाबतीत बाईंनी स्वतःची एक चूक मोकळेपणाने सांगितली. नोकरीच्या आठव्या वर्षी शाळेची तपासणी होणार होती. त्यांनी आणि त्यांच्या पतींनी चार रात्री जागून थर्माकोलचे देखावे तयार केले. किल्ला, पाण्याचे चक्र, सूर्यमाला. मजुरी घरची असली तरी साहित्याचा खर्च त्या महिन्याच्या वाणसामानातून गेला. तपासणी उत्तम झाली, शेरा चांगला मिळाला. देखावे मोडू नयेत म्हणून ते भिंतीवर उंच लावले होते आणि मुलांना हात लावण्यास मनाई होती. दोन दिवसांनी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, ह्यात आमचं काय आहे?"

बाई सांगत होत्या, "मला उत्तर सुचेना. सूर्यमाला आमच्या ह्यांनी केली होती, किल्ला मी. पोरांचं त्यात काहीच नव्हतं. आणि मजा अशी की, वर्गही पोरांचाच म्हणायचा."

हा प्रश्न राज्यातील बहुसंख्य शाळांच्या भिंतींना विचारण्यासारखा आहे. आमच्या खात्याच्या कामानिमित्त अनेक जिल्ह्यांतील शाळा पाहण्याचा योग आला. सुरेख रंगविलेल्या भिंती पुष्कळ दिसल्या. परंतु त्यांपैकी कित्येक चित्रे उंचीने अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसाठी काढलेली होती. पहिलीतील मूल साधारण साडेतीन फूट उंच असते. त्याच्या नजरेची रेषा त्याहून थोडी खाली. त्या रेषेवर बहुधा कोरा ऑइलपेंट असतो.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया फार पूर्वी घातला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला, म्हणजे वरळीपासून हाकेच्या अंतरावर, शिशुविहार सुरू केले. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी जे काम उभारले त्याचे एक सूत्र असे होते की, बालशिक्षणाचे साहित्य परिसरातूनच आले पाहिजे. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणार नाही, म्हणून दगड, बिया, शिंपले, पाने यांतून त्यांनी ते घडविले. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडीने मुलाच्या अंगणात जावे, हा विचारही तिथलाच. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या साहित्याचे अनुकरण मात्र सन्मानांच्या मानाने कमी झाले. कोसबाडला शिंपले होते. वरळीत चिंध्या आहेत, एवढे समजून घेतले असते तरी पुरे होते.

बाईंनी ते समजून घेतले. सासूबाईंना गोधडी येते. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेने धावदोरा घालीत मध्याकडे यायचे, आणि वरच्या थराला ठिगळांची नक्षी द्यायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा कापडाचे तुकडे या भागात स्वस्तात मिळत, आता ते शिंप्यांकडून येतात. बाई मुलांना सुई देत नाहीत; चौकोनी आणि त्रिकोणी ठिगळे देतात. दोन सारखे त्रिकोण जोडून चौकोन होतो, चार चौकोनांचा मोठा चौकोन होतो, नऊचाही होतो, पण पाचांचा होत नाही. का होत नाही, हे शोधण्यात एक अख्खा तास गेल्याचे त्या हसत सांगतात. तयार झालेली नक्षी खळीने जुन्या चादरीवर चिकटते आणि ती चादर मुलांच्या उंचीवर टांगली जाते. वर्षाच्या शेवटी चादर धुतली की भिंत पुन्हा मोकळी.

दिवाळीपूर्वी आकाशकंदील होतो. कामट्या बाईंचे पती तासून देतात, बांधणी मुले करतात. चाळीत दर मजल्याचा कंदील करण्याची रीत जुनीच. त्यामुळे वर्गात दोन-तीन तरी मुले अशी असतात की ज्यांना हे काम बाईंपेक्षा चांगले येते. वाचनात मागे पडलेला मुलगा कामटीच्या गाठीत पुढे असतो, आणि त्या आठवड्यात तो वर्गाचा गुरुजी असतो. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली तेव्हा अनेक शाळांची अडचण झाली. बाईंच्या वर्गावर त्याचा काही परिणाम झाला नाही; थर्माकोल तिथून नऊ वर्षांपूर्वीच गेले होते.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याचा आग्रह धरला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली. त्याही आधी, १९३७ मध्ये, वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली होती. शब्द बदलत गेले. वर्गात मात्र पुष्कळदा कार्यानुभव म्हणजे पालकांनी रात्री केलेली वस्तू मुलाने सकाळी शाळेत आणून देणे, असाच अर्थ उरला. वस्तू सुबक असेल तर ती मुलाने केलेली नाही, असे गृहीत धरण्यास हरकत नसावी.

ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालक यांना येथे एक विनंती करावीशी वाटते. शाळेला रंग देण्यासाठी निधी मंजूर करताना भिंतीचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा पट्टा मोकळा सोडावा, तेथे सुतळी बांधण्यासाठी खिळे मारून द्यावेत, आणि साहित्यापोटी शिक्षक स्वतःच्या खिशातून किती घालतो याची एकदा तरी चौकशी करावी. बाईंच्या हिशेबाच्या वहीत शाळेचा खर्च वाणसामानाच्या पानावरच लिहिलेला आढळला. त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. आम्हांला वाटले.

व्हरांडा सुटताना

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय २०१६ मध्ये झाला, २०१७ मध्ये भूमिपूजन आणि २०२१ मध्ये वरळीतील कामास प्रारंभ झाला. म्हाडामार्फत होत असलेल्या या प्रकल्पात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशास ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या चाव्या देण्यात आल्या. शंभर वर्षांनी घरातच स्वतंत्र शौचालय मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी रात्री-अपरात्री आजारी म्हाताऱ्यांना हात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेले आहे त्यांनाच विचारावे. चाळीतील जीवनाचे गोडवे गाणारे बहुधा चाळीत राहत नसतात. बाईंच्या इमारतीची पाळी यायची आहे आणि घरातील सर्व जण तिची वाट पाहत आहेत. मुलीला अभ्यासाला टेबल हवे आहे, मुलाला दार लावता येणारी खोली. बाईंना वह्यांसाठी एक कपाट.

सासूबाईंची चौकशी वेगळी होती. नवे घर पाहून आलेल्या शेजारणीला त्यांनी विचारले, "गोधडी अंथरायला जागा आहे का गं?" गोधडी पाच फूट रुंद आणि सात फूट लांब, भोवती चौघी बसायला हव्यात. शेजारीण म्हणाली, "मावशी, हॉलमध्ये बसेल की." त्यावर त्यांचे उत्तर : "गोधडी बसेल. चौघी कुठून येतील?"

वर्गातही हा बदल येऊन पोहोचला आहे. मराठी माध्यमाच्या पालिका शाळांचा पट गेली अनेक वर्षे घटत आला आहे. त्यात काही कुटुंबे संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या घरांत पांगली, काही नव्या चाळीस मजली इमारतींत गेली. गेल्या सत्रात बाईंनी चौथीच्या मुलांकडून 'आमचा मजला' हा पाठ करून घेतला. परिसर अभ्यासाचा नकाशा, पण सुतळी आणि आगपेट्यांचा. मध्ये सुतळीचा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दहा-दहा आगपेट्या, आणि प्रत्येक पेटीवर त्या खोलीत राहणाऱ्यांचे आडनाव. चाळीतील मुलांनी वीसही नावे वर मान न करता लिहिली. कोणाच्या घरी कोणते कालवण होते हेही काहींनी त्यात घातले.

नव्या इमारतीत राहावयास गेलेली एक मुलगी वर्गात होती. तिने आपल्या मजल्याच्या आगपेट्या चिकटविल्या, लिफ्टसाठी एक पेटी उभी लावली, आणि स्वतःच्या घराचे नाव लिहून थांबली. बाकीची नावे तिला ठाऊक नव्हती. बाईंनी तिला कोणाचे अनुमान लिहू दिले नाही. पेट्या कोऱ्याच ठेवून नकाशा भिंतीवर लावला, इतरांच्या शेजारी आणि त्याच उंचीवर. पुढच्या शनिवारी ती मुलगी शाळेत आली ती तीन नावे घेऊन. एका घरी तिने भाजणी मागितली होती, म्हणाली. वर्गासाठी हवी असे सांगून.